संगणक, समाजमाध्यमे आणि उतारवयातील स्मरणशक्ती

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या ज्येष्ठ नागरिक विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत आपल्यासमोर बोलण्याची संधी ज्येष्ठ नागरिक विभागाला दिल्याबद्दल आम्ही विश्वस्त मंडळाचे मनःपूर्वक आभारी आहोत. विभागाच्या वर्षभरातील कामाचा तपशील अहवालात अन्यत्र दिलेला असल्याने त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आज एकाच प्रश्नाविषयी बोलावे असे आम्ही ठरविले आहे. बाह्यरुग्ण विभागात आई-वडिलांना घेऊन येणारी मुले, लेकी, सुना हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारतात: "संगणकावर बुद्धीला व्यायाम देणारे खेळ खेळले, तर आईचा विसराळूपणा थांबेल का?" देणगीदारांकडून तोच प्रश्न निराळ्या शब्दांत येतो: "अशा खेळांच्या संगणकांची एक खोली आम्ही उभारून दिली, तर तिचा उपयोग होईल का?"

दोन्ही प्रश्नांमागे माया आहे. म्हणूनच त्यांचे उत्तर गोलमाल देता येत नाही. फोल आशेपायी कुटुंबाचा पैसा जातो, आणि त्याहून मोलाचा असा काळही जातो. धर्मादाय संस्थेच्या बाबतीत तर तो पैसा दुसऱ्याने विश्वासाने दिलेला असतो. या विषयात आजवर काय सिद्ध झाले आहे, काय झालेले नाही आणि त्यावरून आपण काय करावे, हे यथाशक्ति मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्नाचे गांभीर्य प्रथम ध्यानात घेऊ. भारतातील ज्येष्ठांच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंशाचा म्हणजेच डिमेन्शियाचा विकार आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत हे प्रमाण अधिक आढळले. ही शेवटची बाब आपण लक्षात ठेवावी. पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

बुद्धीच्या व्यायामाविषयीचे मोठे आणि दीर्घकाळ चाललेले अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेत व युरोपात झाले असल्याने प्रथम तिकडे पाहणे क्रमप्राप्त आहे. यांतील सर्वांत नावाजलेला अभ्यास अमेरिकेतील 'ॲक्टिव्ह' या नावाने ओळखला जातो. तो १९९८ साली सुरू झाला. ६५ वर्षांवरील २८०२ स्त्री-पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट करण्यात आले. एका गटाला स्मरणाच्या युक्त्या शिकविल्या, दुसऱ्याला तर्काने क्रम ओळखण्याचा सराव दिला आणि तिसऱ्याकडून संगणकावर नजरेच्या व अवधानाच्या वेगाचा सराव करून घेतला. चौथ्या गटाला तुलनेसाठी कोणतेही प्रशिक्षण दिले नाही. संगणकावरील सराव असा होता: पडद्याच्या मध्यभागी एक वाहन क्षणभर दिसे आणि त्याच वेळी कडेला दुसरे चित्र चमकून जाई, मध्ये कोणते वाहन होते आणि कडेचे चित्र नेमके कोठे होते, हे सांगायचे. उत्तरे बरोबर येऊ लागली की चित्र दिसण्याचा अवधी कमी केला जाई. पाच ते सहा आठवड्यांत सुमारे तासा-सव्वा तासाची एकूण १० सत्रे झाली. पुढे काही जणांना एक वर्षाच्या व तीन वर्षांच्या सुमारास उजळणीची सत्रे देण्यात आली.

निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्याला जे शिकविले, त्यात त्याची प्रगती झाली. वेगाच्या गटातील ८७ टक्के, तर्काच्या गटातील ७४ टक्के आणि स्मरणाच्या गटातील २६ टक्के व्यक्तींत ही सुधारणा निश्चितपणे दिसली. परंतु स्मरणाचा सराव केल्याने तर्क सुधारला नाही, आणि वेगाचा सराव केल्याने स्मरण सुधारले नाही. जे घासावे तेच लखलखावे, असा हा प्रकार होता. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१४ साली आले, तेव्हा सहभागींचे सरासरी वय ८२ झाले होते. तर्क आणि वेग यांतील फायदा तोवर टिकला होता. स्मरणातील टिकला नव्हता. स्वयंपाक, औषधे, पैशांचे व्यवहार अशी दैनंदिन कामे आपल्याला पूर्वीइतकीच जमतात, असे प्रशिक्षित गटांतील सुमारे ६० टक्के लोकांनी सांगितले. अप्रशिक्षितांत हे प्रमाण ५० टक्के होते. मात्र तीच कामे समोर करावयास लावून पाहिली, तेव्हा गटांत लक्षणीय फरक दिसला नाही.

सन २०१७ मध्ये याच अभ्यासातून एक निष्कर्ष पुढे आला आणि त्याच्या जगभर बातम्या झाल्या. संगणकावर वेगाचा सराव केलेल्या गटात दहा वर्षांत स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता तुलनेच्या गटापेक्षा २९ टक्क्यांनी कमी आढळली. स्मरणाच्या आणि तर्काच्या गटांत असा फरक सिद्ध झाला नाही. येथे एक खुलासा करणे अगत्याचे आहे. २९ टक्के याचा अर्थ शंभरातील २९ जण आजारातून वाचले असा नव्हे. सर्व गट मिळून २७८५ व्यक्तींपैकी २६० जणांत दहा वर्षांत स्मृतिभ्रंश नोंदला गेला. त्या अल्प प्रमाणात आणखी थोडी घट, असा त्याचा अर्थ आहे. शिवाय हे निदान वैद्यकीय तपासणीने झालेले नसून चाचण्यांतील गुण व मुलाखतींतील माहिती यांवरून केले होते, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर जेमतेम उतरला. निष्कर्ष आशादायक आहे. त्याला हमीचा दर्जा देता येत नाही.

बाजाराने मात्र हमी दिली. 'लुमॉसिटी' या नावाने बुद्धीचे खेळ विकणाऱ्या अमेरिकन कंपनीने वाढत्या वयातील बौद्धिक ऱ्हास लांबणीवर पडतो अशा आशयाच्या जाहिराती केल्या. त्यांना शास्त्रीय आधार नसल्याचा आरोप तेथील संघराज्य व्यापार आयोगाने ठेवला, आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून तडजोड केली. त्याआधी २०१४ साली सुमारे ७० शास्त्रज्ञांनी संयुक्त निवेदन काढून अशा दाव्यांविरुद्ध सावधगिरीचा इशारा दिला होता. त्याच वर्षी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी त्याचा प्रतिवादही केला. २०१६ साली झालेल्या विस्तृत समीक्षेचा निष्कर्ष असा होता की खेळाच्या सरावाने तो खेळ चांगला खेळता येतो, त्याच्या जवळपासची कौशल्येही काही अंशी सुधारतात. परंतु रोजच्या जगण्यात त्याचा लाभ होतो, याला पुरावा तुटपुंजा आहे.

मग संगणक ज्येष्ठांच्या कामाचा नाही काय? असे मुळीच नाही. पण त्यासाठी संगणकाकडे खेळाचे यंत्र म्हणून न पाहता, शिकण्याचे आणि माणसांपर्यंत पोहोचण्याचे साधन म्हणून पाहावे लागते. या दिशेने झालेले तीन अभ्यास आम्ही आपल्यापुढे ठेवतो.

पहिला अमेरिकेतील डॅलस येथील, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. ६० ते ९० वयाच्या ५४ व्यक्तींचा हा लहानसा अभ्यास होता. टॅब्लेटशी परिचय नसलेल्या एका गटाला तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, तो वापरावयास शिकविले. दुसरा गट तेवढाच वेळ एकत्र जमून गप्पागोष्टी करीत असे. तिसरा घरी बसून डोक्याला फारसा ताण नसलेली कामे करी. टॅब्लेट शिकणाऱ्यांचे घटनांचे स्मरण आणि माहिती ग्रहण करण्याचा वेग या दोहोंत इतरांपेक्षा अधिक सुधारणा झाली.

दुसरा अभ्यास ॲरिझोना विद्यापीठातील असून तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४० निरोगी ज्येष्ठांपैकी काहींना फेसबुक वापरावयास शिकविले, काहींना संगणकावर खासगी रोजनिशी लिहावयास सांगितले आणि उरलेल्यांना प्रतीक्षेत ठेवले. आठ आठवड्यांनंतर फेसबुकच्या गटात मनातील माहिती क्षणोक्षणी अद्ययावत ठेवण्याची शक्ती वाढलेली दिसली. रोजनिशीच्या गटात ती वाढली नाही. इतर मानसिक शक्तींत बदल आढळला नाही. संख्या अल्प असल्याने यावर मोठी इमारत उभारता येणार नाही, तथापि दिशा बोलकी आहे.

तिसरा अभ्यास अधिक भक्कम आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकन अभ्यासात ६५ ते ९८ वयाच्या, एकट्या राहणाऱ्या ३०० व्यक्ती होत्या. निम्म्यांच्या घरी ज्येष्ठांसाठी सोपा केलेला संगणक बसवून दिला. त्यात पत्रव्यवहार, छायाचित्रे, दिनदर्शिका, उपयुक्त माहिती आणि खेळ होते, आणि तो वापरावा कसा हे घरी जाऊन शिकविले. उरलेल्यांना तशीच माहिती छापील स्वरूपात दिली. सहा महिन्यांनंतर संगणकाच्या गटातील एकाकीपणा लक्षणीयरीत्या कमी झाला आणि आपल्याला कोणीतरी आहे ही भावना वाढली. वर्षअखेरीस दोन गटांतील फरक मात्र पुसट झाला होता.

या तिन्हींतून आम्ही घेतलेला बोध असा. नवे काही कष्टाने शिकण्यात लाभ आहे. त्या शिकण्याच्या पलीकडच्या टोकाला माणूस असेल, तर लाभ मनाच्या समाधानापर्यंतही पोहोचतो. आणि सोबत थांबली, तर लाभही विरत जातो. यंत्र एकदा विकत घेऊन भागते. शिकविणारा माणूस मात्र वर्षानुवर्षे लागतो.

बोध घेतानाच एक मर्यादा सांगितली पाहिजे. 'ॲक्टिव्ह' अभ्यासातील सहभागींचे शिक्षण सरासरी साडेतेरा वर्षांचे होते. आपल्या रुग्णालयात येणाऱ्या कित्येक आजींना शाळेची पायरीही चढावयास मिळालेली नाही, आणि आरंभी सांगितल्याप्रमाणे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अशांतच अधिक आहे. इंग्रजी सूचनांचे तयार खेळ त्यांच्यापुढे ठेवणे व्यर्थ होय. उलट बोलून संदेश पाठविणे, व्हिडिओ कॉलवर परगावच्या लेकीला पाहणे, गावाकडचे भजन ऐकून ते बहिणीला पाठविणे हे त्यांना जमू शकते, आणि त्यासाठी अक्षरओळखही अनिवार्य नाही. २०२० च्या कोविड साथीत भेटीगाठी बंद झाल्या, तेव्हा रुग्ण आणि कुटुंबीय यांच्यामधील दुवा म्हणून व्हिडिओ कॉलचे मोल सर्वांनाच कळले.

कुटुंबीयांना आमची एक आर्जवाची विनंती आहे. आजोबांनी मोबाईलविषयी काही विचारले की नातवंडे प्रेमाने फोन हातातून घेतात, दोन क्षणांत काम करून देतात आणि परत करतात. काम होते, पण शिकणे होत नाही. फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा. अक्षरे मोठी करून द्यावीत, एका दिवशी एकच गोष्ट सांगावी, पायऱ्या त्यांच्याच हस्ताक्षरात वहीत उतरवून घ्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून करवून घ्यावी. उशीर होईल, परंतु तो उशीर हाच व्यायाम आहे.

ज्या कुटुंबात स्मृतिभ्रंशाचे निदान झालेले आहे, त्यांच्यासाठी वेगळे सांगणे आवश्यक आहे. वर सांगितलेले अभ्यास निदान न झालेल्या ज्येष्ठांवरील आहेत. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, सौम्य व मध्यम अल्झायमरवर उपचार म्हणून बौद्धिक प्रशिक्षण देऊ नये असे म्हटले आहे. त्याच सूचनांत, सौम्य व मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी गप्पा, आठवणी, गाणी, साधे शब्दखेळ अशा सामूहिक उपक्रमांची शिफारस आहे. तेव्हा आजारी आईला खेळात गुण मिळत नाहीत म्हणून तिला रागावू नये, किंवा सराव कमी पडला असे स्वतःलाही दोषी ठरवू नये. तिच्याजवळ बसून जुनी छायाचित्रे टॅबवर पाहणे हे तिच्या दृष्टीने अधिक हिताचे आहे.

विस्मरण नव्याने जाणवू लागले असेल, तर कोणताही खेळ सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. थायरॉईडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, काही औषधांचे परिणाम यांमुळेही विस्मरण होते, आणि त्यांवर उपाय आहेत. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश हा टाळता किंवा लांबविता येण्याजोग्या १४ घटकांशी निगडित आहे. त्यांत बहिरेपणा, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, नैराश्य आणि सामाजिक एकाकीपणा यांचा समावेश आहे. फिनलंडमध्ये १२६० व्यक्तींवर दोन वर्षे चाललेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार, व्यायाम, रक्तदाबादींवर देखरेख आणि संगणकावरील बौद्धिक सराव हे सर्व एकत्र दिले, तेव्हा बौद्धिक चाचण्यांतील एकूण सुधारणा तुलनेच्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक झाली. संगणकाचे स्थान असे इतर उपायांच्या पंगतीत आहे.

समाजमाध्यमांची दुसरी बाजूही आपल्यापासून लपवून चालणार नाही. ज्या फोनवर नातवाचा चेहरा दिसतो, त्याच फोनवर पोलिसांचा गणवेश घातलेला ठगही दिसतो. 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही, हे प्रत्येक ज्येष्ठाला पाठ असावे. ओटीपी कोणालाही सांगू नये, भीती घालणारा फोन ताबडतोब बंद करून घरच्यांना कळवावे आणि फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मदतीसाठी ज्येष्ठ नागरिकांचा १४५६७ हा राष्ट्रीय क्रमांकही आहे. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या घरगुती औषधांच्या संदेशांवरून चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत, अशीही आमची कळकळीची सूचना आहे.

आता देणगीदारांच्या प्रश्नाकडे वळतो. बुद्धीच्या खेळांची महागडी वार्षिक वर्गणी आणि त्यासाठी संगणकांची स्वतंत्र खोली हा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवलेला नाही. त्याऐवजी आमचा प्रस्ताव असा आहे: रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जिना चढावा लागू नये अशा जागी, आठ-दहा ज्येष्ठांचा लहान वर्ग भरावा. मोजकेच टॅब, मोठी अक्षरे, मराठीतून शिकवण आणि पाठीला आधार देणाऱ्या खुर्च्या असाव्यात. प्रवेशापूर्वी प्रत्येकाचे कान, डोळे आणि रक्तदाब तपासले जावेत. ऐकूच येत नसेल, तर शिकविणे कोणाला? खर्चाचा मोठा वाटा शिक्षक-कार्यकर्त्याच्या मानधनावर आणि गरजूंच्या श्रवणयंत्रांवर व चष्म्यांवर व्हावा. वर्ग संपल्यावरही गट टिकावा, यासाठी परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघांचे सहकार्य घ्यावे. या वर्गात स्मृतिभ्रंश बरा होतो अथवा टळतो, असे आम्ही फलकावर लिहिणार नाही आणि तोंडीही सांगणार नाही.

या प्रस्तावात एक अडचण आहे, हे आम्ही जाणतो. संगणकांच्या खोलीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. शिकविणाऱ्याच्या मानधनावर ती लावता येत नाही. तरीही आजवर या संस्थेच्या पाठीशी उभे राहिलेल्या दात्यांनी पाटीपेक्षा कामाकडे पाहिले आहे, याच भरवशावर आम्ही ही मागणी आपल्यापुढे ठेवीत आहोत. ज्यांना धन देणे शक्य नाही, त्यांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. वर्गात एखाद्या आजीजवळ शांतपणे बसून तीच गोष्ट चौथ्यांदा सांगण्याची तयारी असलेला स्वयंसेवक आम्हांला हवा आहे. महाविद्यालयीन तरुण-तरुणींचे त्यासाठी विशेष स्वागत होईल.

विश्वस्त मंडळाने या प्रस्तावाचा सहानुभूतीने विचार करावा, देणगीदारांनी सढळ हाताने साह्य करावे आणि रुग्णांच्या आप्तेष्टांनी आपले अनुभव व सूचना विभागाकडे अवश्य कळवाव्यात, अशी नम्र विनंती करून आम्ही आमचे निवेदन पूर्ण करतो.